केराटोकोनसमध्ये लेझर आणि क्रॉसलिंकिंग एकत्र: मायक्रॉनचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) पातळ आणि सैल होऊन शंकूसारखी पुढे येण्याचा आजार. उजव्या डोळ्यातल्या कॉर्नियाची सर्वांत तीव्र वक्रता, म्हणजे केमॅक्स, वर्षभरात दीड डायॉप्टरने वाढून ५३ वर गेली आहे. सर्वांत पातळ जागेची जाडी ४६८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नंबर उणे ३.५, सिलिंडर उणे ४. चष्म्याने ६/१८ दिसते, कडक लेन्सने ६/९, पण ती लेन्स तासाभरापेक्षा जास्त सहन होत नाही. क्रॉसलिंकिंगचा सल्ला मिळाला आहे. त्याच बैठकीत लेझर करून चष्मा घालवता येईल का? की आधी एक करून काही महिन्यांनी दुसरे करावे?

दोन्ही एकाच बैठकीत करता येते. आधी लेझर आणि पाठोपाठ क्रॉसलिंकिंग, हाच क्रम योग्य. चष्मा मात्र जाणार नाही, आणि तो घालवण्याचा प्रयत्नही कुणी करू नये. तुमच्या ४६८ मायक्रॉनच्या कॉर्नियात लेझरला फार थोडी मोकळीक आहे. ती नंबरावर खर्च करायची की आकारावर, यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

क्रॉसलिंकिंग आजार थांबवते. रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, कॉर्नियात मुरवून त्यावर ३६५ ते ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडले की ऑक्सिजनच्या साहाय्याने कोलॅजेनमध्ये नवे रासायनिक दुवे तयार होतात आणि पुढचा साधारण ३०० मायक्रॉनचा थर ताठ होतो. त्याने वक्रता एक-दोन डायॉप्टरने उतरू शकते, पण ती वरकमाई समजायची. नजर वाढवण्यासाठी हा उपचार नाही. लेझर उलट आकार घडवते आणि कमजोरीला हातही लावत नाही. नुसते लेझर केले तर आधीच सैल झालेल्या कॉर्नियातून आणखी ऊती काढल्यासारखे होईल आणि आजार पळत सुटेल. म्हणून केराटोकोनसमध्ये लॅसिक पूर्णपणे वर्ज्य. फ्लॅप, म्हणजे वरचा पातळ पापुद्रा, कापल्यावर ताकदीचा सगळ्यात महत्त्वाचा पुढचा थर कामातून जातो. स्माइल ही दुसरी लेझर पद्धतही वर्ज्यच. इथे जे लेझर वापरतात ते पृष्ठभागावरचे, १९३ नॅनोमीटरचे एक्सायमर, आणि तेही टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या आकाराच्या, नकाशावर चालणारे.

केराटोकोनसमध्ये चष्म्याने नीट का दिसत नाही, ते समजले की लेझरने काय साधायचे हे आपोआप उलगडते. शंकू बहुधा बाहुलीच्या मध्यावर नसतो, खाली आणि थोडा कानाच्या बाजूला सरकलेला असतो. खालच्या भागातून येणारा प्रकाश जास्त वळतो, वरच्या भागातून येणारा कमी. या दोषाला कोमा म्हणतात. अक्षरांना शेपट्या फुटतात, दिव्याखाली दुसरा अंधुक दिवा दिसतो. चष्म्याची काच गोल नंबर आणि सिलिंडर दुरुस्त करते, कोमा तिच्या आवाक्याबाहेर आहे. कडक लेन्सखाली अश्रूंचा थर हा उंचसखलपणा भरून काढतो, म्हणून तिच्याने ६/९ दिसते. तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. कडक लेन्सने नजर सुधारते, याचा अर्थ दोष पृष्ठभागाच्या आकारात आहे आणि तो आकार सुधारला तर फायदा होईल. कडक लेन्सनेही ६/१८ च दिसत असते तर मध्यभागी व्रण आहे का, डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही दोष आहे का, हे शोधावे लागले असते आणि लेझरचा विचार तिथेच थांबला असता.

म्हणून उद्दिष्ट असे ठेवायचे: चष्म्याशिवाय नाही, चष्म्यासह चांगले दिसावे. कोमा कमी झाला की साधा चष्मा किंवा मऊ टोरिक (सिलिंडर दुरुस्त करणारी) लेन्स पुन्हा उपयोगी पडते. नंबर उणे चार राहिला तरी चष्म्याने ६/९ दिसत असेल तर शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

आता मायक्रॉनचा हिशोब. अतिनील किरणांनी सर्वांत आतला एंडोथेलियमचा थर भाजू नये म्हणून, एपिथेलियम, म्हणजे कॉर्नियाचा सर्वांत बाहेरचा पातळ थर, काढल्यानंतर उरलेली कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन असावी असा नियम आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. ३ मिलिवॅटच्या मूळ पद्धतीत, रायबोफ्लेविन मुरलेल्या ४०० मायक्रॉन जाडीतून खाली पोहोचणारी तीव्रता सुमारे ०.१८ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर असते आणि पेशी मरण्याची मर्यादा ०.३५ आहे. एंडोथेलियमच्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे ही राखीव जागा खाऊन टाकायची नसते.

तुमच्या ४६८ मध्ये एपिथेलियमही धरलेले आहे. शंकूच्या माथ्यावर ते पातळ झालेले असते. समजा ओसीटीच्या (प्रकाशाने थरांची जाडी मोजणाऱ्या यंत्राच्या) नकाशात तिथे ते ४१ मायक्रॉन निघाले. खाली स्ट्रोमा, म्हणजे कॉर्नियाचा मुख्य जाड थर, उरला ४२७. एपिथेलियम काढण्यासाठी ५० मायक्रॉनचे सरसकट लेझर मारले, तर माथ्यावर त्यातले ९ मायक्रॉन स्ट्रोमातून जातात आणि उरतात ४१८. म्हणजे त्या जागी आकार सुधारण्यासाठी हातात आहेत फक्त १८ मायक्रॉन. आता नंबर घालवायचा म्हटला तर काय होते पाहा. लेझरची खोली ढोबळमानाने नंबर गुणिले ऑप्टिकल झोनच्या (लेझरने दुरुस्त करायच्या गोल भागाच्या) व्यासाचा वर्ग भागिले तीन अशी येते. उणे ३.५ साठी ५.५ मिलिमीटरच्या झोनवर सुमारे ३५ मायक्रॉन लागतात, ६.५ मिलिमीटरवर ४९. सिलिंडर अजून मोजलेलेच नाही. नंबराचे गणित या डोळ्यात बसत नाही. १८ मायक्रॉनमध्ये शंकूचा माथा थोडा खाली आणणे मात्र बसते, आणि कोमा कमी करायला तेवढेही बरेच काम करते.

अथेन्स प्रोटोकॉल म्हणून जी पद्धत प्रसिद्ध आहे, ती ग्रीक नेत्रतज्ज्ञ जॉन कॅनेलोपुलोस यांची. तिच्यात ६.५ मिलिमीटर व्यासावर ५० मायक्रॉनचे पीटीके (सगळीकडे सारख्या खोलीचे लेझर) करून एपिथेलियम काढतात, टोपोग्राफीवर आधारित अर्धवट पीआरके (आकार आणि नंबर बदलणारे पृष्ठभागावरचे लेझर) करतात आणि लगेच क्रॉसलिंकिंग करतात. नंबर आणि सिलिंडर जास्तीत जास्त ७० टक्के, झोन ५.५ मिलिमीटर आणि स्ट्रोमातून ५० मायक्रॉनपेक्षा जास्त काढायचे नाही, या तिच्या मर्यादा. या मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे, हे वारंवार विसरले जाते. ५० मायक्रॉन काढण्याची मुभा आहे म्हणून ते काढायचेच असे नाही. दुसरी पद्धत क्रीटमधील जॉर्ज किमिओनिस यांची. तिच्यात फक्त पीटीकेने एपिथेलियम काढून क्रॉसलिंकिंग करतात, वेगळे पीआरके नाही. पातळ कॉर्नियासाठी ती फार उपयोगी आहे.

नुसत्या पीटीकेने आकार कसा सुधारतो? केराटोकोनसमध्ये एपिथेलियम स्वतःच उंचसखलपणा झाकत असते. माथ्यावर पातळ, भोवती कड्यासारखे जाड. सपाट ५० मायक्रॉनचे लेझर सगळीकडे सारखे कापते, त्यामुळे माथ्यावर ते स्ट्रोमापर्यंत पोहोचते आणि भोवती अजून एपिथेलियमच कापत असते. निसर्गाने तयार ठेवलेला साचाच म्हणा. भोवती राहिलेले १०-१५ मायक्रॉन बोथट स्पॅच्युलाने किंवा स्पंजने काढतात.

यातच एक चूक लपलेली आहे, जिच्यामुळे चांगले नियोजनही फसते. टोपोग्राफी एपिथेलियमच्या पृष्ठभागाचा नकाशा देते, स्ट्रोमाचा नाही. एपिथेलियम अल्कोहोलने किंवा ब्रशने काढले, तर खाली उघडा पडणारा शंकू नकाशातल्यापेक्षा तीव्र असतो. नकाशावर चालणारे लेझर मग कमी पडते. पीटीकेने काढले तर पृष्ठभागाचा आकार जसाच्या तसा स्ट्रोमावर उतरतो आणि नकाशा खरा ठरतो. या शस्त्रक्रियेत अल्कोहोल वापरण्याचे एकही चांगले कारण मला दिसत नाही.

नकाशा विश्वासार्ह नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद हवी, कारण लेन्स कॉर्नियाला दाबून खोटा आकार देते. कोरडेपणा आणि ॲलर्जी आधी आटोक्यात आणायची. सात-आठ नकाशे घेऊन त्यातले किमान चार एकमेकांशी जुळले पाहिजेत. वरच्या पापणीमुळे वरचा भाग सुटला असेल तर तो नकाशा टाकून द्यायचा, कारण शंकूच्या विरुद्ध बाजूचीच माहिती त्यात नसते.

नियोजन करताना पहिल्या फेरीत गोल नंबर आणि सिलिंडर दोन्ही शून्य ठेवून फक्त आकार दुरुस्तीचा आराखडा बघावा. त्यात दोन गोष्टी दिसायला हव्यात: शंकूच्या माथ्यावर काढली जाणारी ऊती, आणि समोरच्या, म्हणजे वरच्या नाकाकडच्या सपाट भागाच्या बाहेरून जाणारा कमानीसारखा पट्टा. पहिल्याने उंच भाग सपाट होतो, दुसऱ्याने सपाट भाग किंचित उंचावतो. हे दोन्ही मिळून नंबर बदलतातच, जरी यंत्रात शून्य टाकले असले तरी. त्यामुळे त्यानंतर गोल नंबरात असा बदल करतात की बाहुलीच्या मध्यावरची खोली शक्य तेवढी कमी होईल. सिलिंडरचा थोडा भाग उरलेल्या मायक्रॉनमध्ये बसला तर घ्यायचा. तुमच्या बाबतीत तो बहुधा बसणार नाही.

केंद्र आणि अक्षही डोळ्यात तेल घालून सांभाळावे लागतात. माणूस आडवा झाला की डोळा काही अंशांनी फिरतो. सिलिंडर १५ अंश चुकले तर जवळपास निम्मा परिणाम वाया जातो, ३० अंश चुकले तर उरलेले सिलिंडर आधीइतकेच राहते, फक्त वेगळ्या अक्षावर. म्हणून यंत्रात फिरण्याची भरपाई नसेल तर बसलेल्या अवस्थेतच ३ आणि ९ वाजताच्या जागी शाईच्या खुणा करून घ्याव्यात.

टेबलावरचा क्रम साधारण असा. भूल देणारे थेंब, पापण्यांना क्लिप, पीटीके, आकार दुरुस्तीचे लेझर. नंतर ०.०२ टक्के मायटोमायसिन (पेशींची वाढ रोखणारे औषध) स्पंजवर घेऊन २० सेकंद ठेवतात आणि थंड द्रवाने भरपूर धुतात. धूसरपणा येऊ नये हा त्याचा हेतू. क्रॉसलिंकिंग स्वतःच पुढच्या थरातील पेशी मारते, त्यामुळे मायटोमायसिनची गरज नाही असे मानणारेही शल्यविशारद आहेत. उथळ लेझरमध्ये ते न वापरणे मला गैर वाटत नाही. पीटीकेचा घेर ६.५ मिलिमीटर असतो, तर रायबोफ्लेविन नीट मुरायला ८-९ मिलिमीटर उघडा भाग हवा. बाहेरची कडा हाताने काढावी लागते. ती राहिली तर परिघावर औषध शिरत नाही, आणि शंकू खाली सरकलेला असेल तर त्याचाच पायथा कोरडा राहतो.

रायबोफ्लेविन लेझरच्या आधी कधीही टाकायचे नाही. ऊतीतील पाण्याचे प्रमाण बदलले की एक्सायमरची खोली बदलते. लेझरनंतर ०.१ टक्के द्रावण दर दोन-तीन मिनिटांनी, जुन्या पद्धतीत ३० मिनिटे. २० टक्के डेक्स्ट्रॅन असलेले जुने द्रावण पाणी ओढून घेते आणि कॉर्निया टेबलावरच कित्येक मायक्रॉनने पातळ होते. सकाळी ४१० दिसणारी कॉर्निया किरण सुरू करताना ३५० वर आलेली असू शकते. डेक्स्ट्रॅनऐवजी एचपीएमसी हा घट्टपणा देणारा पदार्थ असलेल्या द्रावणात हा त्रास बराच कमी. कोणतेही वापरा, किरण सुरू करण्यापूर्वी अल्ट्रासाऊंड पॅकिमीटरने जाडी पुन्हा मोजायलाच हवी. ४०० च्या खाली असेल तर डेक्स्ट्रॅन नसलेले हायपोऑस्मोलर, म्हणजे कॉर्नियात पाणी शिरू देणारे, द्रावण टाकून कॉर्निया फुगवतात आणि परत मोजतात. पुरेसे मुरले का, हे स्लिट लॅम्पच्या निळ्या प्रकाशात आतल्या पाण्यात पिवळी झाक दिसते का यावरून कळते.

किरणांची मूळ मात्रा, ज्याला ड्रेस्डेन प्रोटोकॉल म्हणतात, ती ३ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, ३० मिनिटे, एकूण ५.४ ज्यूल. वोलेन्साक, श्पोर्ल आणि झायलर यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. ९ मिलिवॅटने १० मिनिटे किंवा ३० मिलिवॅटने ३ मिनिटे दिली तरी बेरीज तेवढीच होते, पण परिणाम तेवढाच होत नाही. या रासायनिक क्रियेला ऑक्सिजन लागतो, तो किरण सुरू झाल्यावर काही सेकंदांत संपतो आणि हवेतून हळूहळू झिरपतो. तीव्रता जितकी जास्त तितका तुटवडा जास्त आणि ताठ होणारा थर तितका उथळ. १० मिनिटांची पद्धत ही सोय आणि खोली यांच्यातली चांगली तडजोड आहे. लेझरने ऊती काढलेल्या डोळ्यात ३ मिनिटांची पद्धत मी सुचवणार नाही. ताकद परत मिळवण्याची गरज तिथे सर्वांत जास्त असते.

आता क्रमाबद्दल. क्रॉसलिंकिंग आधी आणि लेझर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, अशी सुरुवातीला रीत होती. कॅनेलोपुलोस यांनी २००९ मध्ये ३२५ डोळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात एकाच दिवशी केलेल्या गटाचे परिणाम सरस होते आणि धूसरपणाही कमी होता. कारण सरळ आहे. क्रॉसलिंकिंगचा सर्वांत मजबूत थर वरचाच असतो. नंतरचे लेझर नेमका तोच थर सोलून काढते. शिवाय आधी लेझर केल्याने ताठ होतो तो सुधारलेला आकार, बिघडलेला नव्हे. माझ्या मते टप्प्याटप्प्याने करणे दोनच परिस्थितींत योग्य ठरते: क्रॉसलिंकिंग आधीच झालेले असेल तेव्हा, किंवा वय १८ च्या आत असून आजार झपाट्याने वाढत असेल तेव्हा. दुसऱ्या परिस्थितीत आधी नुसते क्रॉसलिंकिंग करायचे. आकाराचे पुढे बघता येते.

शस्त्रक्रियेनंतर बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ लेन्स) चार-पाच दिवस. पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखते, ते अपेक्षित आहे. दुखणे कमी होऊन पुन्हा वाढले, लाली वाढली, पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी तपासणी हवी. परिघाजवळचे निर्जंतुक पांढरे डाग स्टिरॉइडने विरतात, जंतुसंसर्ग त्यानेच चिघळतो. म्हणून लेन्स काढून नमुना घेतल्याशिवाय ठरवू नये. वेदनाशामक थेंब मर्यादित वापरायचे, जास्त वापराने एपिथेलियम भरून यायला वेळ लागतो आणि क्वचित कॉर्निया विरघळू लागते. प्रतिजैविक थेंब एपिथेलियम भरेपर्यंत, स्टिरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत दोन-तीन महिने, आणि त्या काळात डोळ्याचा दाब तपासत राहणे. पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवला जाऊ शकतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे. उन्हात काळा चष्मा.

पहिल्या महिन्यात नजर आधीपेक्षा वाईट असते आणि केमॅक्सही वर गेलेली दिसू शकते. हे माहीत नसेल तर माणूस घाबरतो. धूसरपणा पहिल्या एक ते तीन महिन्यांत सर्वाधिक, मग ओसरू लागतो. त्या काळात शाइमफ्लुग (कॅमेऱ्याने कॉर्नियाची जाडी आणि आकार मोजणारे) यंत्र कॉर्निया खरोखर आहे त्यापेक्षा पातळ दाखवते, जाडी ओसीटीवर मोजावी. महिन्याने ओसीटीत ३०० मायक्रॉनच्या आसपास सीमारेषा दिसली की किरण किती खोल पोहोचले याचा अंदाज येतो. नवा चष्मा तीन महिन्यांपूर्वी करू नये, सहा महिने थांबता आले तर उत्तम.

आजार थांबला का, हे ठरवताना शस्त्रक्रियेपूर्वीच्या नकाशाशी तुलना करणे दिशाभूल करते. लेझरनेच केमॅक्स खाली आणलेली असते, त्यामुळे आजार हळूहळू वाढत असला तरी आकडा जुन्यापेक्षा कमीच दिसेल. सहाव्या महिन्याचा नकाशा नवा पाया धरावा आणि पुढच्या वर्षभरात त्यावर एक डायॉप्टर वाढ झाली तर ती वाढ मानावी. अशा वेळी पहिला प्रश्न असतो डोळे चोळण्याचा. ॲलर्जीची खाज आणि झोपेत उशीवर दाबला जाणारा डोळा यांचा बंदोबस्त केला नाही तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. उलट काही डोळ्यांत कॉर्निया वर्षानुवर्षे सपाट होत राहते आणि नंबर अधिककडे सरकतो. लेझरने कमी काढण्याचे हेही एक कारण आहे.

डोळ्यात पूर्वी नागीण झालेली असेल, मध्यावर व्रण असेल, गर्भारपण किंवा स्तनपान चालू असेल, संधिवातासारखा स्वप्रतिकार आजार आटोक्यात नसेल, तर ही जोडशस्त्रक्रिया टाळावी. एकूण जाडी ४५० च्या खाली असेल तर पीआरकेचा विचार सोडून द्यावा.

तुमच्या उजव्या डोळ्यासाठी माझा कौल असा: एपिथेलियमचा ओसीटी नकाशा आधी काढा. माथ्यावर ते ४० च्या आसपास असेल तर ५० मायक्रॉनचे पीटीके, फार तर १५ मायक्रॉनची आकार दुरुस्ती, नंबर शून्य, मग एचपीएमसी द्रावण आणि ९ मिलिवॅटने १० मिनिटे. एपिथेलियम ५० च्या वर निघाले तर स्ट्रोमा ४१८ पेक्षाही कमी आहे. मग फक्त पीटीके आणि क्रॉसलिंकिंग. उरलेला नंबर वर्षभर स्थिर राहिला आणि चष्म्याने समाधानकारक दिसत असेल तर डोळ्याच्या आत बसवायच्या टोरिक लेन्सचा विचार तेव्हा करता येईल. तिच्यासाठी कॉर्नियातला एकही मायक्रॉन खर्च होत नाही.

डाव्या डोळ्याचे आकडे प्रश्नात नाहीत, ते तितकेच महत्त्वाचे आहेत. आजार तिथे मागे असेल तर कॉर्निया जाड असेल, नजर चांगली असेल, आणि वेळेवर केलेले नुसते क्रॉसलिंकिंगच पुरेल. दोन्ही डोळे एका दिवशी करू नका. उजव्याचे एपिथेलियम भरून चष्म्याने थोडेफार दिसू लागेपर्यंत कामापुरता डावा डोळा लागणार आहे.